दूरच्या संगणकाला सांगितलेले काम



कचेरीत साहेबांनी घंटा वाजवावी, शिपायाने आत यावे, "अमुक फाइल आणा" असे त्याला सांगितले जावे आणि थोड्या वेळाने ती फाइल टेबलावर यावी, हा नित्याचा व्यवहार आहे. फाइल कोणत्या कपाटात होती, ती कोणी शोधून काढली, याच्याशी साहेबांना कर्तव्य नसते. संगणकाच्या अंतर्भागात चालणारे काम पुष्कळसे याच धर्तीचे असते. कोणतीही आज्ञावली ही शेकडो लहान लहान कार्यांची बनलेली असते. एक कार्य दुसऱ्याला बोलावते, त्याच्या हाती आवश्यक ती माहिती देते, ते पुरे होईपर्यंत थांबते आणि उत्तर मिळताच पुढे चालू लागते. हे बोलावणे एकाच यंत्राच्या आत असते तोवर ते वाटेत हरवेल अशी शंकाही आज्ञावली लिहिणाऱ्याच्या मनाला शिवत नाही.

आता बोलावलेले कार्य त्या यंत्रात नसून शेकडो मैलांवरील दुसऱ्या संगणकात आहे असे समजावे. तरीही बोलावणाऱ्याने ते शेजारच्या टेबलावर असल्यासारखेच बोलवावे व उत्तर घ्यावे, अशी जी योजना, तिला संगणकशास्त्रात 'रिमोट प्रोसीजर कॉल' असे नाव आहे. मराठीत तिला 'दूरस्थ कार्याचे आवाहन' म्हणता येईल. एटीएममधून पैसे काढणे, रेल्वेचे आरक्षण, मोबाइलवरून रक्कम धाडणे, रास्तभाव दुकानातील यंत्रावर अंगठा टेकविणे, या सर्वांच्या मुळाशी एका संगणकाने दुसऱ्याकडून काम करवून घेण्याचा याच जातीचा व्यवहार असतो. तो सुरळीत चालला की कोणाच्या ध्यानातही येत नाही. खात्यातून पाचशे रुपये वजा झाल्याचा संदेश येतो आणि यंत्रातून मात्र एकही नोट बाहेर पडत नाही, तेव्हा तो चांगलाच ध्यानात येतो. असे का घडते, हे समजून घ्यावयाचे तर थोडे मागे जावे लागते.

दुरून गणित करवून घेण्याचा पहिला गाजलेला प्रयोग १९४० सालच्या सप्टेंबरात अमेरिकेत झाला. बेल प्रयोगशाळेतील जॉर्ज स्टिबिट्झ यांचे गणनयंत्र न्यूयॉर्कमध्ये होते आणि गणितज्ञांची सभा डार्टमथ महाविद्यालयात भरली होती. सभास्थानी ठेवलेल्या दूरमुद्रकावर उदाहरण टंकित करावे, ते तारेने न्यूयॉर्कला जावे आणि उत्तर त्याच तारेने परत यावे, असा तो प्रकार होता. परंतु येथे एका टोकाला माणूस होता. पुढे १९६९ मध्ये आर्पानेट हे संगणकांचे जाळे सुरू झाले, त्यावरही प्रारंभीचा बराचसा वापर माणसाने दूरच्या यंत्रासमोर बसल्यासारखे आज्ञा देण्याचाच होता. प्रत्येक यंत्राची आज्ञांची भाषा वेगळी, आणि तीही माणसासाठी घडविलेली. एका आज्ञावलीला दुसरीकडून काम करून घ्यावयाचे झाले तर तिला माणसाचे सोंग घ्यावे लागे. जेम्स व्हाइट यांनी १९७६ मध्ये या अडचणीकडे लक्ष वेधले आणि दूरच्या यंत्रावरील सेवा आज्ञावलीतील साध्या कार्याप्रमाणेच बोलावता याव्यात, अशी सूचना मांडली.

ही सूचना पुरतेपणी प्रत्यक्षात उतरविण्याचे श्रेय ब्रूस नेल्सन आणि अँड्र्यू बिरेल यांच्याकडे जाते. नेल्सन यांनी १९८१ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात याच विषयावर प्रबंध लिहिला. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात उभयतांनी ही यंत्रणा उभी केली आणि १९८४ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. आजही या विषयाचा अभ्यास त्या निबंधापासून सुरू होतो, यातच त्याची योग्यता आली.

त्यांची युक्ती समजण्यास अवघड नाही. दोन्ही यंत्रांत एकेक मुखत्यार नेमावयाचा, ज्याला इंग्रजीत 'स्टब' म्हणतात. बोलावणाऱ्या आज्ञावलीला वाटते की आपण प्रत्यक्ष कार्यालाच बोलावले; वस्तुतः ती आपल्याच घरच्या मुखत्याराशी बोलत असते. तो मुखत्यार कार्याचे नाव आणि सोबतची माहिती एका संदेशात बांधतो व जाळ्यावर सोडून देतो. पलीकडचा मुखत्यार गाठोडे सोडतो, आपल्या यंत्रातील खऱ्या कार्याला हाक मारतो आणि मिळालेले उत्तर पुन्हा बांधून परत पाठवितो. दोन्ही टोकांची आज्ञावली लिहिणाऱ्यांना टपालाची दगदग करावी लागत नाही. मुखत्यार तरी कोणी घडवावेत? तेही हाताने लिहावे लागू नयेत म्हणून झेरॉक्सच्या केंद्रात 'ल्युपिन' नावाची स्वतंत्र आज्ञावली होती. कार्याचे नाव, त्याला काय द्यावयाचे आणि ते काय परत देणार एवढे तिला कळविले की ती दोन्हीकडचे मुखत्यार आपोआप तयार करीत असे.

गाठोडे बांधण्याचे काम मात्र वाटते तितके सरळ नाही. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात आणि वीस मागून. इंग्रजीत वीस आधी आणि पाच नंतर. ऐकून अंक लिहून घेणारा नवखा असेल तर पंचवीसचे बावन्न व्हावयास वेळ लागत नाही. संगणकांतही असेच दोन पंथ आहेत. काही यंत्रे मोठ्या संख्येचा थोरला भाग आधी ठेवतात, काही धाकटा. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून झगडणारे दोन तट आहेत, त्यांचीच नावे डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये या पंथांना थट्टेने दिली आणि ती कायमची चिकटली. म्हणून दोन यंत्रांच्या मध्ये एक ठरीव लेखनपद्धती लागते. सन कंपनीने आपल्या यंत्रणेसाठी अशी पद्धती ठरविताना थोरला भाग आधी हाच क्रम घेतला.

दुसरी अडचण याहून खोल आहे. एकाच कचेरीत "तिसऱ्या कपाटातील दुसरा कप्पा पाहा" एवढे सांगितले की काम भागते. नागपूरच्या कचेरीला असे लिहून काय उपयोग? तेथील तिसऱ्या कपाटात भलतेच काही असणार. तेथे कागदाची प्रतच पाठवावी लागते. तद्वत एका संगणकाच्या स्मृतीतील जागेचा पत्ता दुसऱ्याला देऊन भागत नाही. तेथे जे आहे ते उचलून धाडावे लागते. आणि धाडावयाचे म्हणजे वेळ आलाच. बिरेल व नेल्सन यांनी केलेल्या मोजणीत यंत्राच्या आतल्या आत केलेल्या साध्या आवाहनाला सुमारे ९ मायक्रोसेकंद लागले आणि तेच काम जाळ्यावरून करताना सुमारे १,१०० मायक्रोसेकंद. दोन्ही यंत्रे एकाच जातीची होती आणि काहीही माहिती धाडावयाची नव्हती, तरीही हा सव्वाशेपटींच्या घरातील फरक पडला.

वेळेचा प्रश्न वेगवान यंत्रांनी बराच हलका केला. मौनाचा प्रश्न मात्र कोणत्याही वेगाने सुटलेला नाही, आणि या विषयाचे मर्म तेथेच आहे.

समजा, काम सांगितले आणि उत्तर आले नाही. याचा अर्थ काय घ्यावयाचा? विनंतीच वाटेत गहाळ झाली असेल. ती पोचली असेल, पण काम करण्यापूर्वीच पलीकडचे यंत्र बंद पडले असेल. कदाचित काम यथासांग पार पडले असेल आणि केवळ उत्तर हरवले असेल. किंवा काहीच बिघडले नसून पलीकडे गर्दी असेल. बोलावणाऱ्याला या सर्व स्थिती सारख्याच दिसतात. मौन हे संमतीचे लक्षण मानण्याचा लोकव्यवहार येथे चालत नाही, आणि ते नकाराचेही लक्षण नव्हे. एकाच यंत्रात ही पंचाईत येत नाही, कारण तेथे यंत्र बंद पडले तर बोलावणारा आणि बोलावलेला दोघेही एकदमच बंद पडतात. येथे अर्धा संसार चालू राहतो आणि अर्धा बुडतो.

सरकारी पत्रव्यवहार ज्यांनी पाहिला आहे त्यांना यावरील उपाय ओळखीचा वाटेल. उत्तर न आल्यास स्मरणपत्र जाते, पण त्यावर मूळ पत्राचा जावक क्रमांक व दिनांक असतो. तो नसेल तर पलीकडचा लिपिक स्मरणपत्रालाच नवे पत्र समजून त्याच देयकाची रक्कम दुसऱ्यांदा मंजूर करून बसेल. बिरेल व नेल्सन यांनी प्रत्येक आवाहनाला असाच क्रमांक दिला. तोच क्रमांक पुन्हा आला तर पलीकडचे यंत्र काम पुन्हा करीत नसे. उत्तरास विलंब झाला तर बोलावणारे यंत्र मधूनमधून "काम चालू आहे ना?" अशी विचारणा करी. तिला जबाब येत राहिला तर कितीही काळ वाट पाहावयाची, आणि जबाबही थांबला तर आवाहन फसल्याचे कळवावयाचे. उत्तर आले तर काम नेमके एकदा झाले याची हमी होती. फसल्याचे कळले, तर ते एकदा झाले असेल किंवा मुळीच झाले नसेल. यांपैकी कोणते, हे यंत्रणा सांगत नसे. हा प्रांजळपणा त्या निबंधातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हटली पाहिजे.

सन कंपनीने १९८५ मध्ये दूरच्या यंत्रावरील फाइली वापरण्याची जी यंत्रणा बाजारात आणली, तिने निराळी वाट धरली. "फाइलचा पुढचा भाग द्या" असे म्हणावयाचेच नाही. "अमक्या अक्षरापासूनचा इतका भाग द्या" असे म्हणावयाचे. पहिली विनंती दोनदा पोचली तर मधला मजकूर सुटतो, दुसरी दहादा पोचली तरी उत्तर तेच येते. प्रत्येक कामाला मात्र हे रूप देता येत नाही. "फाइल पुसून टाका" ही विनंती दुसऱ्यांदा पोचली तर "अशी फाइल नाही" असे उत्तर यावयाचे, आणि पहिल्या वेळचे उत्तर हरवलेले असेल तर काम होऊनही ते फसल्याची नोंद व्हावयाची.

दूरचे काम जवळच्यासारखे भासविण्याचा हव्यासच चुकीचा, असे १९९४ मध्ये जिम वाल्डो आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी सन कंपनीतूनच बजावले. हा फरक झाकला तर मौनाच्या प्रसंगी काय करावयाचे याचा विचारच आज्ञावलीत राहत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तो रास्त होता. गुगलने २०१५ मध्ये सर्वांना खुल्या केलेल्या 'जीआरपीसी' या यंत्रणेत प्रत्येक आवाहनाला मुदत घालून देण्याची सोय आहे आणि ती वापरावी असा आग्रहही आहे.

आता पुन्हा त्या पाचशे रुपयांकडे वळू. एटीएमने बँकेच्या संगणकाला रक्कम वजा करावयास सांगितले, त्याने ती केली, आणि होकार वाटेत अडला. एटीएम नोटा देत नाही, आणि होकार न मिळता तो देणार तरी कसा? मग तो 'मागील व्यवहार उलटवा' असा संदेश त्याच व्यवहाराच्या क्रमांकानिशी धाडतो आणि पोच मिळेपर्यंत धाडत राहतो. तेवढ्यानेही मेळ बसला नाही तर हिशेबाच्या वेळी तफावत उघड होते. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने यास मुदती घातल्या. एटीएममधून नोटा न मिळता रक्कम वजा झाल्यास ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत खात्यात परत जमा व्हावयास हवी. त्यापुढील प्रत्येक दिवसाच्या विलंबास १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय भुगतान निगमाने एप्रिल २०१६ मध्ये सुरू केलेल्या यूपीआय पद्धतीत, एका व्यक्तीने दुसरीला पाठविलेली रक्कम पोचली नाही तर हीच मुदत एक दिवसाची आहे. दुकानदाराला दिलेल्या रकमेबाबत ती पाच दिवसांची आहे. व्यवहार 'प्रलंबित' दिसत असताना घाईने तीच रक्कम पुन्हा धाडली तर तो यंत्राच्या दृष्टीने नव्या क्रमांकाचा नवा व्यवहार ठरतो आणि दोन्ही पार पडू शकतात. मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा बारा आकडी संदर्भ क्रमांक हाच येथील जावक क्रमांक होय. तक्रार करताना तो लिहून घेतलेला असला तर शोध लवकर लागतो.

रास्तभाव दुकानात गोष्ट पैशांची नसते, महिन्याच्या धान्याची असते. आधार क्रमांक देण्यास २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी प्रारंभ झाला. दुकानातील यंत्रावर अंगठा टेकला की दूरच्या संगणकाला प्रश्न जातो, "हा ठसा या क्रमांकाचा आहे काय?" उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच यावयाचे असते. जोडणी क्षीण असलेल्या पाड्यावर पुष्कळदा दोन्ही येत नाहीत, आणि तेथे मौनालाच नकार समजले गेले तर चुलीवर भांडे चढत नाही. पडताळणी होऊ शकली नाही किंवा जोडणी मिळाली नाही एवढ्याच कारणावरून पात्र लाभार्थ्यास धान्य नाकारू नये, असे केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले. अंगठा जुळतो का, हा प्रश्न दहा वेळा विचारला तरी कोणाचे काही जात नाही. दुकानदाराने तो खुशाल पुन्हा विचारावा. मात्र चार माणसांच्या कुटुंबाला माणशी पाच किलोप्रमाणे वीस किलो धान्य दिले, ही नोंद त्या महिन्यात एकदाच पडावयास हवी.