मुक्त संगणकप्रणाली आणि आपण

(संस्थेच्या वर्धापनदिनी सभासद व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही पेशाने बँकेतील कारकून आणि पदवी कला शाखेची. संगणकावर बोलण्यासाठी एखादा इंजिनिअर बोलवावयास हवा होता असे कोणास वाटले तर त्यात वावगे नाही. पण संगणकाचे बरेवाईट परिणाम काउंटरवर बसणाऱ्या कारकुनाला आणि रांगेत उभ्या खातेदारालाच अधिक सोसावे लागतात. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

प्रथम मुक्त किंवा ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे काय ते पाहू. कोणतेही सॉफ्टवेअर शेवटी माणसाने लिहिलेले असते. त्या मूळ लिखाणाला सोर्स कोड म्हणतात. पुष्कळ कंपन्या हे लिखाण कुलपात ठेवतात आणि आपणास फक्त चालविण्याचा परवाना देतात. म्हणजे पैसे मोजूनही वस्तू आपली होत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मूळ लिखाणच सर्वांपुढे ठेवलेले असते. ते वाचा, बदला, त्याच्या प्रती काढा, शेजाऱ्याला द्या. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या विचाराने ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला. तेव्हा त्याचे वय एकवीस वर्षे होते, हे आमच्या विद्यार्थी मित्रांनी ध्यानात घ्यावे. आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो, आणि जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील एकूण एक संगणक २०१७ पासून लिनक्सवरच आहेत. तेव्हा ‘आम्हाला लिनक्स जमणार नाही’ असे म्हणणारा सभासद सकाळपासून रात्रीपर्यंत तेच वापरीत असतो!

आम्हास याहून जवळची वाटते ती मराठीची गोष्ट. नव्वदच्या दशकात मराठी डीटीपीचा प्रसार झाला तेव्हा प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा आणि अक्षरांची आतली मांडणीही वेगळी. इंग्रजी अक्षराच्या एकाच जागेवर कोणी ‘क’ बसविला, कोणी ‘म’. एका दुकानात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की समोर अगम्य चिन्हांची रांग उभी राहावयाची. ज्या संस्थांच्या जुन्या स्मरणिका, अहवाल व इतिवृत्ते अशा फाँटांत आहेत आणि तो फाँट आता हाती नाही, त्यांना आपलेच लिखाण वाचता येत नाही. लिहिले आपण, वर्गणी काढली आपण, आणि किल्ली मात्र परक्याच्या कनवटीला.

युनिकोड या सर्वमान्य मांडणीने हा घोळ पुष्कळसा मिटविला. तरीही अक्षरे घडवून कोणीतरी द्यावीच लागतात. येथे कवी व सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांचे नाव घेतलेच पाहिजे. विंडोजबरोबर येणारा मंगल हा देवनागरी फाँट त्यांच्या हातचा. त्याच हातांनी मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेत रघु हा फाँट घडविला आणि तो मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिचे केंद्र खारघर स्थानकासमोर, म्हणजे आपल्या पनवेलपासून तिसऱ्या स्थानकावर आहे. लोकलने जाता-येता आपण ते पाहतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने तयार केलेले लोहित फाँट रेड हॅट कंपनीने २००४ साली खुले केले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त हा फाँटही तसाच कोणासही वापरता येतो. व्हीजेटीआयचे प्रा. जितेंद्र शहा आणि त्यांच्या इंडिकट्रान्स गटाने लिनक्सवर मराठी आणण्यासाठी खपून काम केले. त्यासाठी त्यांना कोणत्याही कंपनीच्या दारी अर्ज घेऊन जावे लागले नाही, कारण मूळ लिखाणच खुले होते. मराठी खपेल की नाही याचा हिशेब कंपनी करीत बसली असती. ज्यांना मराठी हवी होती त्यांनी ती स्वतः केली.

आता व्यापाराकडे वळू. व्यापारी भावनेवर चालत नाही, तो हिशेब पाहतो. मुंबईतील रुशभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाची गरज ओळखून ईआरपी-नेक्स्ट ही हिशेब, माल आणि विक्री सांभाळणारी प्रणाली उभारली व तिचे लिखाण खुले केले. आज देशोदेशीचे उद्योग ती वापरतात, जीएसटीचीही सोय तीत आहे. परवान्याचे पैसे नाहीत, तरी बसविणाऱ्याची मजुरी आणि नोकरांना शिकविण्याचा खर्च असतोच. ‘फुकट’ या शब्दाला भुलून जो उडी घेतो तो पुढे तोंडघशी पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरीही एक बाजू आहे. बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते म्हणतात की आमची चोपडी तर साऱ्या जगाला तपासता येते. बोलणे खरे, पण चोपडी उघडी आहे म्हणून कोणी ती वाचतोच असे नाही. इंटरनेटवरील व्यवहारांना कुलूप घालणाऱ्या ओपन-एसएसएलमध्ये २०१४ साली मोठे भगदाड सापडले. ते दोन वर्षे तसेच होते. अर्धे जग ज्या कुलपावर विसंबले होते त्याची देखभाल मूठभर माणसे तुटपुंज्या पैशांत करीत होती. त्यानंतर मोठ्या कंपन्यांना जाग आली व त्यांनी निधी काढला. लिखाण खुले असल्यामुळेच दोष बाहेरच्यांना सापडला हेही सांगितले पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी सेकंडहँड संगणक आहे, आणि त्यात दुकानदाराने चोरीची प्रत टाकून दिलेली आहे. विंडोज १० ची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणून नव्या यंत्रासाठी आईबापांना कर्ज काढावयास लावू नका. जुन्या यंत्रावर लिनक्स उत्तम चालते. पत्रे व तक्त्यांसाठी लिबर ऑफिस आहे. ते आधी विंडोजवरच बसवून हात बसू द्यावा. नोकरीच्या ठिकाणी बहुधा वर्ड-एक्सेल असते, तेही येऊ द्यावे; एकाची मांडणी दुसऱ्यात थोडी हलते, म्हणून अर्ज पाठविताना पीडीएफ करूनच पाठवावा. पवईच्या आयआयटीने स्पोकन ट्युटोरियल नावाने सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार केले आहेत. त्यांतील अनेक मराठीत आहेत व विनामूल्य आहेत. इंग्रजीची धास्ती असलेल्यांनी तेथूनच सुरुवात करावी.

लिनक्स थेट यंत्रावर न बसविता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. आठ दिवस तसे वापरावे. छपाईयंत्र, वायफाय, मराठी टंकलेखन सारे नीट चालते का ते पाहावे. मग बसवावयाचे ठरल्यास सर्व फाइलींची दुसरी प्रत आधी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. बसविताना जुनी डिस्क पुसावी काय असा प्रश्न पडद्यावर येतो. तेथे घाईने होकार देऊ नये, जाणत्यास शेजारी बसवूनच ती कळ दाबावी.