वीस गुंठे



भाषणाची मला सवय नाही, तेव्हा घरचेच सांगते. माझे सासर निफाड तालुक्यातले. सारे रान द्राक्षाला दिलेले. २०१४ च्या मार्चमध्ये, ऐन तोडणीच्या तोंडावर गारपीट झाली, आणि आम्हां शेतकऱ्यांच्या घरात बाजरी उधारीने आली. दुकानात पिशवी पुढे करताना वाटलेली लाज अजून गेलेली नाही.

आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला, नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेने शेतकरी बायांचे अधिवेशन भरविले होते. सासूबाई भाकरी बांधून गेल्या होत्या. पुढे शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ मांडली : धन्याने जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करावयाचा. त्या तुकड्यात घरापुरते पिकवावयाचे, बी घरचेच राखावयाचे. तिला ते ‘सीताशेती’ म्हणत. नाव गोड आहे, पण मला नावापेक्षा सातबारा मोलाचा वाटतो.

गारपिटीनंतर मी वीस गुंठे मागितले.

“तुला रान काय कमी आहे?” हे म्हणाले.

“राबायला आहे, नावावर नाही.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. चुलीपुढून उठल्या आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या.

आता तेथे बाजरीत मटकी असते, कडेला वाल, बांधावर शेवगा. तेवढ्याने वर्ष निघत नाही, हे खरे. पण द्राक्षाचा भाव पडला तरी कोठीतली बाजरी मला विचारल्यावाचून कोणी हलवीत नाही. सातबारा पिशवीत आणला आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी पाहावा.