चौथ्या स्थानापुढचें पाऊल

बंदूक म्हटली कीं डोळ्यांपुढें शिकार तरी येते, नाहींतर रणांगण. परंतु स्पर्धेंतल्या नेमबाजाला सावजही नसतें आणि शत्रूही नसतो. 50 मीटर अंतरावर त्याचें लक्ष्य असतें. त्यांतील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा 10.4 मिलिमीटर, म्हणजे काबुली हरभऱ्याच्या दाण्याएवढा. लक्ष्य स्थिर असतें. हालतो तो नेमबाज. श्वास, नाडी आणि मन हीं तिन्ही आवरावयाचीं, हाच या विद्येचा सारा अभ्यास.

कोल्हापूर जिल्ह्यांतील राधानगरी तालुक्यांत कांबळवाडी नांवाचें लहानसें खेडें आहे. तेथील एका शिक्षकाचा मुलगा स्वप्नील कुसाळे 2009 सालीं महाराष्ट्र शासनाच्या क्रीडाप्रबोधिनींत दाखल झाला. वर्षभराच्या शारीरिक शिक्षणानंतर एक खेळ निवडावयाचा होता. त्यानें नेमबाजी निवडली. 2015 सालीं कुवेत येथील आशियाई स्पर्धेंत त्याला कुमार गटाचें सुवर्णपदक मिळालें. त्याच वर्षीं त्यानें मध्य रेल्वेंत तिकीट तपासनिसाची नोकरी धरली. पुढें ऑलिंपिकमध्यें सहभागी झालेल्या दीपाली देशपांडे यांचें मार्गदर्शन त्याला लाभलें.

त्याची स्पर्धा तीन अवस्थांची. प्रथम गुडघा टेकून, मग पालथें झोपून आणि शेवटीं उभें राहून नेम धरावयाचा. यांत उभी अवस्था सर्वांत कठीण. कारण 8 किलोपर्यंत वजनाची रायफल तेथें जमिनीचा आधार नसतांना पेलावी लागते.

ऑक्टोबर 2022 मध्यें कैरो येथील जागतिक स्पर्धेंत तो चौथा आला. भारताला ऑलिंपिकची जागा मिळाली, पदक मात्र हुकलें. सप्टेंबर 2023 मध्यें हांगझौच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत संघाचें सुवर्ण त्यानें सहकाऱ्यांसह जिंकलें. पण वैयक्तिक अंतिम फेरींत आघाडीवर असतांना, उभ्या अवस्थेंत, एका गोळीला 7.6 च गुण पडले आणि तो पुन्हा चौथा ठरला. तिसऱ्या आणि चौथ्या स्थानांतील अंतर किती मोठें असतें, हें चौथ्यालाच ठाऊक!

1 ऑगस्ट 2024 रोजीं पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी फ्रान्समधील शातोरू येथें झाली. 590 गुणांनिशीं सातव्या क्रमांकानें तो त्या आठ जणांत आला होता. गुडघ्यावरील गोळ्या संपल्या तेव्हां तो सहावा होता, पालथ्या अवस्थेअखेर पांचवा. उभ्या अवस्थेंत, जेथें पूर्वीं घात झाला होता तेथेंच, तो वर सरकूं लागला. 40 गोळ्यांनंतर एकेका गोळीगणिक शेवटचा स्पर्धक बाद होऊं लागला. त्याच्या बेचाळिसाव्या गोळीला 9.4 च गुण मिळाले. हांगझौची आठवण येऊन हात कांपावा, असाच तो क्षण. पुढची गोळी 9.9 वर बसली, तिच्यापुढची 10.0 वर.

एकूण 451.4 गुणांनीं त्याला कांस्यपदक मिळालें. चीनचा लिऊ युकुन पहिला आला आणि युक्रेनचा सेर्ही कुलिश दुसरा. तीन अवस्थांच्या या प्रकारांत भारताचें हें पहिलेंच ऑलिंपिक पदक होय. 1952 सालीं हेलसिंकी येथें खाशाबा जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास 72 वर्षें लागलीं.

सुटलेली गोळी परत बोलावितां येत नाहीं. नेमबाजाच्या हातीं असते ती पुढची गोळी. तिच्याकडे मागच्या गोळीचें दुःख न नेणें, हेंच त्याचें खरें कसब.