फासे पडण्याआधी

फाशांचा खेळ म्हटला की आपल्याला आधी शकुनी आठवतो आणि पाठोपाठ ती द्यूतसभा. त्यामुळे फाशांच्या खेळात डोकं चालवायला काही जागा असते, हे सहसा कुणाला पटतच नाही. सगळा नशिबाचा मामला, असं म्हणून आपण मोकळे होतो. वेरूळच्या 21व्या लेण्यात शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. तिथे नशीब कुणाचं म्हणायचं, हा प्रश्न मी पंडितांवर सोडतो. आज मला बोलायचं आहे ते सारीपाटाच्या एका दूरच्या भाईबंदाबद्दल, म्हणजे बॅकगॅमनबद्दल.

इराणात याच घराण्यातल्या खेळाला तख्ते-नर्द म्हणतात, तुर्कस्तानात तावला. तिथल्या कॉफीच्या दुकानांत तो अजूनही तासन्‌तास चालतो. एक जुनी इराणी कथा अशी आहे की, हिंदुस्थानच्या राजानं बुद्धिबळाचा पट कोडं म्हणून इराणच्या दरबारात पाठवला. वजीर बुजुर्गमिहर यानं ते कोडं तर सोडवलंच, शिवाय उत्तरादाखल नर्दचा पट रचून इकडे धाडला. कथा खरी असो वा नसो, तिच्यातला डाव नामी आहे. बुद्धिबळात सगळं समोर दिसतं, नर्दमध्ये पुढचं दान दिसत नाही. आपलं रोजचं आयुष्य यांपैकी कशाच्या जवळचं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

रेडिओवर पट मांडून दाखवता येत नाही, म्हणून नियम थोडक्यात सांगतो. दोन खेळाडू, 24 घरं, प्रत्येकी 15 सोंगट्या आणि दोन फासे. दोघं एकमेकांच्या उलट दिशेनं सोंगट्या फिरवून आपापल्या घरच्या सहा घरांत आणतात आणि मग पटाबाहेर काढतात. ज्याच्या आधी संपल्या तो जिंकला. घरात एकटी सोंगटी असेल तर ती मारली जाते आणि तिला पुन्हा पहिल्यापासून प्रवास करावा लागतो. दोन असल्या की घर पक्कं. दोन्ही फाशांवर सारखा आकडा पडला तर तो चारदा खेळायचा.

आता हिशेब. दोन फाशांची दानं एकंदर 36. त्यांपैकी किती दानांत निदान एका फाशावर सहा येईल? पुष्कळजण 12 सांगतात, उत्तर 11 आहे, कारण सहा-सहाचं दान एकदाच मोजायचं. तुमची एकटी सोंगटी शत्रूपासून एका घरावर असेल, तर तिला मारणारी दानं 11. तीच सहा घरांवर असेल तर 17, कारण सरळ सहाखेरीज पाच-एक, चार-दोन, तीन-तीन आणि दोन-दोन हीही कामाला येतात. आणि सात घरांवर असेल तर? एकदम उतरून फक्त 6. म्हणजे सोंगटी एकटी ठेवायचीच असेल तर शत्रूच्या अगदी नाकासमोर ठेवावी, नाहीतर सहा घरांच्या पलीकडे. नवखा खेळाडू नेमका चार-पाच-सहा घरांवर ठेवतो आणि मार खाल्ला की फाशांना शिव्या घालतो.

पण धोका किती, एवढंच मोजून भागत नाही. मार बसला तर नुकसान किती, हेही पाहावं लागतं. न्यूयॉर्कचे पॉल मॅग्रिएल मूळचे गणिताचे प्राध्यापक. 1976 साली त्यांनी या खेळावर जे पुस्तक लिहिलं, त्यावर दोन-तीन पिढ्या पोसल्या. जपून कधी खेळावं आणि धाडस कधी करावं, याच्या त्यांनी खुणाच सांगून ठेवल्या. प्रतिस्पर्ध्याच्या घरची बरीचशी घरं पक्की झाली असतील तर जपून खेळा, कारण मेलेली सोंगटी पुन्हा पटावर यायलाच अडेल. त्याचं घर उघडं असेल किंवा त्याच्या हद्दीत तुमचं एक पक्कं ठाणं असेल, तर धाडस करा. या सल्ल्यात स्वभावाला जागा नाही. भित्र्यानंही तिथे धाडस करायचं आणि धाडसी माणसानंही इथे गप्प बसायचं. एरवी आपण उलट करतो. स्वभावाप्रमाणे खेळतो आणि मग कारणं शोधतो.

या खेळातली सर्वांत अवघड वस्तू म्हणजे दुपटीचा फासा. 1920 च्या दशकात तो न्यूयॉर्कमध्ये आला. आपली पाळी आली की फासे टाकण्याआधी खेळाडू म्हणू शकतो, ‘पैज दुप्पट.’ समोरच्यानं एकतर ती स्वीकारायची किंवा चालू पैज हरून डाव सोडायचा. स्वीकारावी कधी? समजा, पैज एक रुपयाची आहे आणि असे चार डाव आले. चारही सोडलेत तर चार रुपये गेले. चारही स्वीकारून एक जिंकलात आणि तीन हरलात, तर दोन आले, सहा गेले. म्हणजे तोटा चारच. तेव्हा चारात एकदा जिंकण्याची आशा असेल, तर स्वीकारायला हरकत नाही. हा अर्थात ढोबळ हिशेब झाला. पुढची दुप्पट करण्याचा हक्क स्वीकारणाऱ्याकडे जातो, म्हणून थोडी कमी आशा असली तरी चालतं. दुहेरी हार होण्याचं भय असेल तर जास्त लागते.

एक उदाहरण घेऊ. तुमच्या दोन सोंगट्या उरल्या आहेत, एक पाचव्या घरात, एक दुसऱ्या घरात. पाळी तुमची. प्रतिस्पर्ध्याची एकच उरली आहे आणि ती पुढच्या पाळीत नक्की निघणार. म्हणजे आत्ताच दोन्ही काढल्या तर जिंकलात. एका फाशावर पाच किंवा सहा आणि दुसऱ्यावर दोन किंवा जास्त, अशी 16 दानं आहेत. शिवाय दोन-दोन, तीन-तीन आणि चार-चार. एकूण 19. दुप्पट करावी का? बहुतेकजण म्हणतील, छे, निम्म्यापेक्षा जेमतेम वर, कशाला जोखीम? पण 36 डावांत 19 जिंकले, 17 हरले, तर दुप्पट न करता दोन रुपये मिळतात. केली तर चार. जोखीम दिसते मोठी, फायदा मात्र नक्की. आता समोरच्याच्या बाजूनं पाहा. तो घाबरून दर वेळी डाव सोडील तर 36 रुपये घालवील, दर वेळी स्वीकारील तर चारच. हरण्याची शक्यता जास्त असूनही खेळत राहणं शहाणपणाचं, ही गोष्ट मनाला पटायला वेळ लागतो. अभिमानापोटी नको तिथे स्वीकारणारेही असतात. धर्मराजाला ‘सोडतो’ म्हणता आलं नाही, त्याचं पुढे काय झालं ते आपण जाणतोच.

जिंकलो म्हणजे बरोबर खेळलो, असंही नव्हे. जुलै 1979 मध्ये मोंटे कार्लोला हान्स बर्लिनर यांच्या संगणकानं जगज्जेते लुइजी व्हिला यांना 7-1 असं हरवलं. त्याची जगभर चर्चा झाली. पण बर्लिनर यांनी नंतर सगळे डाव तपासले आणि जाहीरपणे लिहिलं की, खेळ व्हिलांचाच सरस होता, यंत्राला दानं चांगली पडली. जिंकल्यावर असं लिहिणारा माणूस विरळा.

यंत्र खरंच शिकलं ते 1992 च्या सुमारास. आयबीएममधल्या जेरल्ड टेसॉरो यांनी एक प्रोग्रॅम कोऱ्या पाटीनं बसवला आणि स्वतःशीच लाखो डाव खेळवला. सुरुवातीला चार-एक पडले की भले भले खेळाडू एक सोंगटी पुढे एकटी ठेवून घर बांधू पाहत. यंत्रानं त्याऐवजी मागच्या दोन सोंगट्यांपैकी एक घरभर सरकवली. माणसांनी ती चाल पारखली आणि आपली मोडली.

आज जीएनयू बॅकगॅमनसारखा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो तुमचा डाव तपासून नशीब किती आणि चुका किती, हे वेगवेगळं सांगतो. मात्र त्याचं उत्तर पाहण्याआधी आपलं उत्तर आणि त्यामागचं कारण वहीत लिहून ठेवावं. नाहीतर ‘मलाही तेच वाटत होतं’ म्हणायला आपण तयारच असतो. सुरुवात शेवटच्या चालींपासून करावी, तिथे हिशेब कागदावर पुरा करता येतो. पाच आणि दोनची बेरीज सात. सहा आणि एक, चार आणि तीन यांचीही सातच. पण मोजून पाहा, सहा-एकला एका पाळीत मोकळं करणारी दानं 15 निघतात, चार-तीनला 17. दोन्ही ठिकाणी दुप्पट करू नये.