खेळाडू कोसळल्यावर गॅलरीतले आपण



खेळावरचं व्याख्यान म्हटलं की विक्रम, गाजलेले सामने, थोर खेळाडू यांबद्दल ऐकायला मिळेल, अशी अपेक्षा असते. मी आज खेळाडूंबद्दल थोडं आणि खेळ बघणाऱ्यांबद्दल जास्त बोलणार आहे. चालू सामन्यात खेळाडू एकाएकी कोसळतो आणि उठत नाही, अशा वेळी बघणारी माणसं कशी वागतात, हा आजचा विषय. मी पेशाने डॉक्टर. स्पर्धांच्या वेळी मैदानाकडेला औषधांची पेटी घेऊन बसण्याचं काम बरीच वर्षं करतो आहे. गर्दी मुळात चांगलीही नसते आणि वाईटही नसते, असं माझं मत या अनुभवातून बनलं आहे. सगळ्यांना दिसेल असं काही जो पहिला माणूस करतो, त्याच्या मागे ती जाते. म्हणून त्या पहिल्या माणसाने काय करायचं, हे सामना सुरू होण्याआधीच ठरलेलं असायला हवं.

१२ जून २०२१ची संध्याकाळ आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शन संचावर पाहिली असेल. कोपनहेगनचं पार्कन स्टेडियम, युरो स्पर्धेतला डेन्मार्क आणि फिनलंडचा सामना. मध्यंतराला काही मिनिटंच उरली होती. थ्रो-इनचा चेंडू ख्रिश्चन एरिक्सनकडे आला, त्याचा तोल गेला आणि तो तसाच पुढे पडला. इंग्लंडचे पंच अँथनी टेलर यांनी क्षणाचाही वेळ न लावता वैद्यकीय पथकाला आत बोलावलं. कर्णधार सिमोन केअर धावत आला. मग डेन्मार्कच्या खेळाडूंनी एरिक्सनभोवती कडं केलं, त्याच्याकडे पाठ आणि जगाकडे तोंड करून. त्यांच्यातले काही जण रडत होते, पण कडं सुटलं नाही. आत डॉक्टर छातीवर दाब देत होते, विजेचा झटका देणारं यंत्र लावलं जात होतं.

तेव्हा गॅलरीत काय चाललं होतं? फिनलंडच्या पाठीराख्यांनी आपले झेंडे मैदानात टाकले. ज्या झेंड्यांखाली ते डेन्मार्कविरुद्ध घोषणा द्यायला आले होते, त्यांचाच आडोसा करून एरिक्सनला बाहेर नेलं. थोड्या वेळाने फिनलंडच्या बाजूने ‘ख्रिश्चन’ अशी आरोळी उठली आणि समोरून डेन्मार्कच्या लोकांनी ‘एरिक्सन’ म्हणून ती पुरी केली. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. पण केअर आणि त्याच्या सोबत्यांनी मैदानात जे केलं, तेच गॅलरीने आपल्या परीने पुढे चालवलं, असं मला ते पाहताना वाटलं आणि आजही वाटतं.

कॅमेऱ्याला मात्र ते साधलं नाही. छातीवर दाब देणं चालू असताना, एरिक्सनची जोडीदार रडत असताना चित्रं जगभर दिसत राहिली. बीबीसीने नंतर प्रेक्षकांची माफी मागितली. आता हा दोष फक्त वाहिन्यांचा राहिलेला नाही, कारण तसलाच कॅमेरा आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

आता उलट बाजू. १० जून २०१९, टोरांटो, एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम मालिकेतला पाचवा सामना. गोल्डन स्टेटचा केव्हिन ड्युरँट दुखापतीतून नुकताच परतलेला. दुसऱ्या सत्रात त्याच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला आणि तो खाली बसला. टोरांटोच्या प्रेक्षकांतल्या अनेकांनी आनंदाने आरडाओरडा केला, हात हलवून त्याला निरोप दिला. प्रतिस्पर्ध्यांचा हुकमी खेळाडू बाद झाला, एवढंच त्यांना दिसत होतं. त्या वेळी टोरांटोच्याच काइल लाउरीने, सर्ज इबाकाने आणि डॅनी ग्रीनने गर्दीकडे वळून हातांनी खुणावलं, थांबा, हे करू नका. आणि ती गर्दी थांबली. ड्युरँट लंगडत बाहेर जाऊ लागला तेव्हा त्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्या नावाचा घोष केला. माणसं तीच, पण घरच्या तीन खेळाडूंनी हात वर केल्यावर त्यांचं वागणं पार पालटलं.

सगळीकडे असं झालेलं नाही. १९९९ साली फिलाडेल्फियात अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डॅलसच्या मायकल आयर्विनच्या मानेला मार बसला. तो निश्चल पडलेला असताना गॅलरीत आनंदाच्या टाळ्या वाजल्या, स्ट्रेचर आलं तेव्हाही वाजल्या. तो त्याचा शेवटचा सामना ठरला. इतकी वर्षं लोटली तरी त्या शहराच्या क्रीडारसिकांचं नाव निघालं की हा प्रसंग निघतोच.

मैदानावर नेमकं काय घडतं ते थोडक्यात सांगतो, कारण घोळ इथेच होतो. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी बंद होणं. त्यात माणूस बरेचदा शुद्धीवर असतो, छातीत दुखतंय म्हणून सांगतो. एरिक्सनचं जे झालं ते वेगळं. त्याच्या हृदयातली विजेची लय बिघडली. अशा वेळी हृदय आकुंचन पावत नाही, नुसतं थरथरतं, आणि मेंदूकडे रक्त जाणं बंद होतं. कधी ऐन नको त्या क्षणी छातीवर बसलेला फटकाही ही लय मोडतो. जानेवारी २०२३मध्ये सिनसिनाटीत डमार हॅमलिन या अमेरिकन फुटबॉल खेळाडूचं तसं झालं. तो टक्कर झाल्यावर उठून उभा राहिला आणि मग कोसळला. लय पुन्हा जागेवर आणायला विजेचा झटकाच लागतो. तो मिळेपर्यंत छातीवर जोरात, भरभर दाब द्यावा लागतो, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतका. दाबही नाही आणि झटकाही नाही, असं गेलेलं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं. आणखी एक. असा माणूस पहिल्या काही मिनिटांत आचके देतो, मधूनच तोंड उघडून हवा ओढल्यासारखं करतो. बघणारे म्हणतात, ‘श्वास चालू आहे, घाबरू नका.’ तो श्वास नसतो. आपल्याकडे कितीतरी माणसं या एका वाक्यापायी हातची गेली असतील.

आता आपल्या मैदानावर येतो. एका तालुक्याच्या गावी रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने चालले होते. चढाईला आलेल्या पोराची पकड झाली, सगळे अंगावर पडले, उठले, आणि पोरगा तसाच राहिला. बांबूचं कुंपण ओलांडून माणसं आत घुसली. माझं टेबल हाकेच्या अंतरावर, पण मला वाट मिळेना. लाउडस्पीकरवर समालोचक सारखा ओरडत होता, ‘डॉक्टरांनी ताबडतोब मैदानात यावं’, आणि मी त्याच्याच समोर माणसांत अडकलेला. कुणी कांदा फोडून पोराच्या नाकाशी धरत होता, कुणी चप्पल काढली होती, एक जण बेशुद्ध पोराच्या तोंडात बाटलीने पाणी ओतायला निघाला होता. डोक्यांच्या वर मोबाइल धरलेले हात. तेवढ्यात एका म्हाताऱ्या पंचाने शिटी फुंकली आणि विरुद्ध संघाच्या पोरांना ओरडून सांगितलं, ‘साखळी धरा, तोंडं बाहेर!’ कबड्डीच्या पोरांना साखळी शिकवावी लागत नाही. त्यांनी एकमेकांचे हात धरले, पोराभोवती गोल केला आणि पाठीने नव्हे, छातीने लोकांना मागे रेटलं. मी आत पोहोचलो. पोराच्या डोक्याला मार होता, हृदय ठीक होतं, थोड्या वेळाने तो शुद्धीवर आला. पण त्याचं हृदय बंद पडलेलं असतं, तर पंचाने शिटी फुंकेपर्यंतच फार उशीर झाला असता.

गर्दीतला एकच माणूस आत शिरण्यासारखा असतो, तोही कधीकधी. १७ मार्च २०१२ला लंडनच्या व्हाइट हार्ट लेनवर बोल्टनचा फुटबॉलपटू फॅब्रिस मुआंबा कोसळला तेव्हा हृदयरोगतज्ज्ञ अँड्र्यू डीनर प्रेक्षकांत बसले होते, आणि तेही प्रतिस्पर्धी टॉटनमचे पाठीराखे म्हणून. आपण कोण आहोत हे त्यांनी तिथल्या कर्मचाऱ्याला सांगितलं, त्याने वाट दिली आणि ते मैदानात धावले. मुआंबाचं हृदय ७८ मिनिटं बंद होतं. तो जगला. गॅलरीत दोन्ही बाजूंचे लोक त्याच्या नावाचा घोष करत होते. त्याच रात्री एका विद्यार्थ्याने मुआंबाबद्दल वर्णद्वेषी मजकूर ट्विटरवर टाकला आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. हजारो लोक एका सुरात बोलत असताना एकटा माणूस घरात बसून हे लिहू शकतो. त्याच्याभोवती गर्दी नसते, म्हणून त्याला थांबवणारा लाउरीही नसतो.

यातूनच अफवांकडे येतो. एरिक्सन पडल्यावर तासाभरात ‘लसीमुळे झालं’ असे निरोप फिरू लागले. त्याच्या तेव्हाच्या क्लबचे, इंटर मिलानचे, तेव्हाचे संचालक ज्युसेप्पे मारोट्टा यांनी सांगितलं की त्याने लस घेतलेलीच नव्हती. हॅमलिनच्या वेळी पुन्हा तेच. पण त्याच हॅमलिनसाठी लोकांनी काय केलं तेही पाहा. गरीब मुलांना खेळणी द्यावीत म्हणून त्याने पूर्वी अडीच हजार डॉलरचं छोटंसं आवाहन केलेलं होतं. तो इस्पितळात असताना लोकांनी त्यात पैसे टाकायला सुरुवात केली आणि ती रक्कम ऐंशी लाख डॉलरच्या पुढे गेली. लोकांना काहीतरी करायचं असतं. करण्यासारखं योग्य काही समोर ठेवलं तर ते करतात.

एका गोष्टीबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. खेळाडू कोसळतो तेव्हा पुष्कळदा दुसराही एक खेळाडू मोडतो, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. २५ नोव्हेंबर २०१४ला सिडनीत शॉन ॲबटचा उसळता चेंडू फिलिप ह्यूजच्या मानेला लागला, दोन दिवसांनी ह्यूज गेला. त्याच्या नाबाद ६३ धावा कायमच्या नाबाद राहिल्या. जगभर लोकांनी घराबाहेर बॅटी उभ्या केल्या, ॲडलेड कसोटीत ६३ सेकंद टाळ्या वाजवल्या. आणि ॲबटला कुणी एकटं सोडलं नाही. तो त्याच मैदानावर परत गोलंदाजी करायला उतरला तेव्हा लोक त्याच्या बाजूने उभे होते.

आता आपल्या शेजारच्या गोव्याची गोष्ट. ५ डिसेंबर २००४, बंगळूरचं कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन चषकाचा अंतिम सामना, गोव्याचा डेम्पो विरुद्ध मोहन बागान. डेम्पोच्या क्रिस्तियानो ज्युनियरने गोल केला, गोलरक्षक सुब्रत पाल त्याच्यावर आदळला आणि तो ब्राझिलियन तरुण गेला. डेम्पोने चषक जिंकला आणि त्याची १० क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली. सुब्रत पालवर मात्र टीकेचा भडिमार झाला, काही काळ बंदीही आली. हाच मुलगा पुढे २०११च्या आशिया चषकात भारताचा गोलरक्षक म्हणून उभा राहिला. मधली वर्षं त्याने कशी काढली असतील, याचा विचार आपण प्रेक्षकांनी फारसा केलेला नाही. मैदानावरच्या वैद्यकीय सोयीबद्दल तेव्हा जेवढे प्रश्न विचारले गेले, त्याहून जास्त विचारायला हवे होते. एका पोरावर राग काढणं सोपं होतं.

जुन्या लोकांना नरी कॉन्ट्रॅक्टर आठवत असतील. मार्च १९६२, बार्बाडोस, चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताच्या कर्णधाराच्या डोक्याला लागला आणि कवटीला तडा गेला. शस्त्रक्रियेसाठी रक्त हवं होतं. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिलं, आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनीही दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले. बंगालची क्रिकेट संघटना वॉरेल यांच्या नावाने ३ फेब्रुवारीला रक्तदान शिबिर भरवत आली आहे. आठवण ठेवायची तर अशी, कुणाच्या तरी उपयोगी पडणारी.

लोकांच्या उपयोगी पडणारं असंच काम डेन्मार्कनेही एरिक्सनच्या प्रसंगाच्या कितीतरी आधी केलं होतं. २००५पासून तिथल्या शाळांत छातीवर दाब देणं शिकवणं सक्तीचं झालं, पुढच्याच वर्षी वाहन परवान्यासाठीही. २००१ साली इस्पितळाबाहेर हृदय बंद पडलेल्या दर शंभर लोकांपैकी एकवीस जणांना आसपासच्या माणसांनी दाब दिला होता. २०१०पर्यंत ते प्रमाण पंचेचाळिसाच्या घरात गेलं आणि जगणारेही वाढले. आपल्याकडे भूलतज्ज्ञांच्या संघटनेने तोंडाने श्वास न देता फक्त दाब देण्याची सोपी पद्धत सामान्य माणसांसाठी आखून दिलेली आहे. ती शिकायला अर्धा तास पुरतो.

या गावात दिवाळीनंतर कबड्डीचे आणि टेनिस बॉल क्रिकेटचे सामने सुरू होतात. आयोजकांतले काही जण समोर बसलेले मला दिसत आहेत. त्यांच्याकडे माझं मागणं असं. नाणेफेकीआधी माईकवरून सांगा, की कुणी पडला तर कुंपणाच्या आत फक्त पंच आणि डॉक्टर येतील, बाकीचे दोन्ही संघ साखळी धरतील, १०८ला फोन अमुक माणूस करील आणि गाडीसाठी अमुक फाटक मोकळं राहील. मोबाइल खाली ठेवायचं तेव्हाच सांगा, नंतर कुणी ऐकत नाही. समालोचकाच्या हाती माईक असतो, गर्दीचा पहिला माणूस तोच. विजेचा झटका देणारं यंत्र तालुक्याला एक तरी हवं, बक्षिसाच्या रकमेतून ते येऊ शकतं.

बाहेरच्या व्हरांड्यात आम्ही दोन पुतळे सतरंजीवर मांडून ठेवले आहेत आणि माझे तीन सहकारी तिथे थांबले आहेत. आभारप्रदर्शन झालं की कृपा करून लगेच घरी जाऊ नका. एकेकाने दोन मिनिटं दाब देऊन पाहा, दमल्यावर पुढच्याच्या हाती कसं सोपवायचं तेही ते दाखवतील. कबड्डी संघाच्या मुलांनी आधी यावं.