सूर मारणाऱ्या पोरांसाठी



ऊन तापू लागलं की वैनगंगेच्या, वर्धेच्या डोहांवर पोरांची गर्दी होते. दरडीवरून कुणी मुटका मारतं, कुणी सूर. ही धिटाई आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत भरपूर आहे. तिला वळण लावणारा खेळ म्हणजे डायव्हिंग.

सोलापूरची ऋतिका श्रीराम हे या खेळातलं महाराष्ट्राचं मोठं नाव. 2022 मध्ये गुजरातेत राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यातल्या राजकोटच्या जलतरण तलावावर तिने महाराष्ट्राला सुवर्णपदक मिळवून दिलं. तेव्हा ती एका लहान मुलाची आई होती. बाळंतपणानंतर पोटापाठीची ताकद पुन्हा कमवायची आणि 3 मीटर उंच लवचिक फळीवरून हवेत कोलांट्या घ्यायच्या! मला पदकाहून तिचं हे परतणं मोठं वाटतं.

याच खेळातल्या 10 मीटरच्या मनोऱ्यावरून पाण्यापर्यंत यायला दोन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात कोलांट्या, गिरक्या आणि शेवटी अंग ताठ सरळ. पाण्याला शिवताना वेग ताशी 50 किलोमीटरच्या आसपास असतो. अंग जरा तिरपं पडलं, की तेच पाणी सणसणीत फटका देतं. पंच 0 ते 10 गुण देतात, मग उडी किती अवघड त्यावर हिशेब होतो. पाणी जेवढं कमी उसळेल तेवढं उत्तम. यासाठी खेळाडू कितीतरी तास पाण्याबाहेर घाम गाळतात. ट्रॅम्पोलिनवर, गाद्यांवर, कमरेला दोरीचा पट्टा बांधून.

1951 च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत के. पी. ठक्कर यांनी दिल्लीत डायव्हिंगची दोन सुवर्णपदकं जिंकली होती. पुढे हा खेळ आपल्याकडे मागे राहिला, कारण खोल तलाव आणि जाणते प्रशिक्षक मोजक्याच शहरांत.

पण 2018 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, हे आठवा. अंगात काटकपणा होताच. रीतसर प्रशिक्षण मिळालं आणि त्यांनी शिखर गाठलं.

मुलांनो, अनोळखी डोहात डोकं खाली करून सूर मारू नका. उन्हाळ्यात पाणी उतरतं, खाली खडक असतो, मान मोडते. आणि जिल्ह्यात नवे तलाव आखणाऱ्यांना विनंती: पोहण्याच्या तलावाशेजारी 5 मीटर खोलीचा वेगळा हौद, त्यावर फळी आणि शिकवणारा माणूस, एवढं आराखड्यात आजच लिहून ठेवा.