मुकी जनावरे आणि बोलकी माणसे



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा वाचनालयात आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये झाली. आजचा प्रश्न आम्हांला त्या शेडमध्येच पडला. माग सुरू झाले की शेजाऱ्याचा शब्द कानी येत नसे. तरी आम्ही दिवसभर बोलत असू. बोटांनी, भुवयांनी, ओठांच्या हालचालींनी. कांडी संपली, मुकादम आला, संध्याकाळी सभा आहे, हे सारे आवाजावाचून कळे. मग जनावरांचे घोडे अडते कोठे?

गळ्यात अडते, असे पुष्कळ दिवस सांगितले जाई. अमेरिकेत हेज दांपत्याने विकी नावाची चिंपांझी पोटच्या मुलीसारखी वाढवली. वर्षानुवर्षे खटपट करून तिला कसेबसे चार शब्द म्हणता आले. पण २०१६ साली शास्त्रज्ञांनी मकाक माकडाच्या तोंडाची व घशाची क्ष-किरणांनी हालती चित्रे घेतली आणि हिशेब मांडला. माणसाला समजेल असे बोलण्यापुरते स्वर त्या घशातून निघू शकतात, असे दिसले. वाद्य आहे, वाजवणारा नाही! उणीव आहे ती घशावर हुकमत चालवणाऱ्या मेंदूची.

बरे, घसा राहू द्या. हात आहेत ना? गार्डनर दांपत्याने १९६६ पासून वॉशू या चिंपांझीला मूकबधिरांची खुणांची भाषा शिकवली. ती शंभरावर खुणा शिकली. पुढे निम नावाच्या चिंपांझीलाही तशाच खुणा शिकवल्या. त्याचा हिशेब १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्याचे सर्वांत लांब ‘वाक्य’ सोळा खुणांचे. त्यात दे, मला, संत्रे, खाणे यांचीच उलटसुलट पुनरुक्ती. निमने समोरचे संत्रे मागितले. उद्याच्या संत्र्याचा करार त्याला करता आला नाही.

केनियातील व्हर्वेट माकडे बिबळ्या, गरुड आणि साप यांच्यासाठी निरनिराळ्या हाका देतात. हाक ऐकून बाकीची माकडे झाडावर चढतात, आभाळाकडे पाहतात किंवा गवतात डोकावतात. पण ‘काल येथे साप होता, म्हणून उद्या वाट बदलू’ असे कोणी सांगत नाही. शब्दाला शब्द जोडून, जे डोळ्यांसमोर नाही त्याबद्दल बोलणे, हीच माणसाची भाषा.

आता एक आठवण सांगतो. आमच्या एका सोबत्याची दोन बोटे मागात गेली. चौकशीला साहेब बसले. सोबती म्हणाला, “चूक माझीच, साहेब.” बाहेर आल्यावर कोणी तरी कौतुकाने म्हणाले, “गरीब गाय आहे बिचारा.”

श्रोतेहो, ही उपमा आम्हांला तेव्हाही पटली नाही. गायीला कळ आली की ती हंबरते. आमचा सोबती गप्प राहिला, कारण त्याला ‘उद्या’ हा शब्द येत होता; उद्या नोकरी जाईल, चूल विझेल, हे त्याला दिसत होते. ज्या भाषेने भय दिले, त्याच भाषेत त्यावरचा उताराही आहे. पुढच्या महिन्यात आम्ही चाळीस जणांनी एक अर्ज लिहिला: मागांना जाळ्या बसवा. अर्जावर पहिली सही त्याची होती, डाव्या हाताने केलेली. जाळ्या बसल्या.

जनावराला वेदना सांगता येते, मागणी मांडता येत नाही. आपल्याला ती येते. येत असून न मांडणे, एवढाच काय तो मुकेपणा.